राजापेठेतली छतं: धाब्यापासून सोलरपर्यंत

मृग आठ-दहा दिवसांवर आला की आमच्या राजापेठेत ठोकाठोकी सुरू होते. कुठं टिनावर खिळे, कुठं स्लॅबची भेग छिन्नीनं उकरणं. यंदा त्यात ड्रिल मशीनचा आवाज वाढला आहे. गल्लीत घराघरांवर सोलर चढतंय. माझ्या घरावर गेल्या वर्षी एप्रिलात चढलं आणि जुलैत स्वयंपाकघरात बादली लागली. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना धाबं असायचं. लाकडी सरं, त्यावर फळ्या-काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. आपल्याकडं काळ्या मातीचा तोटा नाही, पण छतावर तिला जागा नव्हती. ती पाणी पिऊन फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पांढरी माती गावठाणाच्या टेकाडावरून आणायची आणि मृगाआधी नवा थर देऊन चोपायची. कवेलूचंही तसंच. वानरांनी धिंगाणा घातला की फुटायचे, म्हणून पावसाळ्याआधी फेरायचे. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि पुढच्या दशकांत मंगलोरी कौलं अन् टिनपत्रे इकडं रुळले.

ही सगळी छतं गळायची. बिनधास्त गळायची. पण छत दरवर्षी पाहावं लागतं, हे घरातल्या पोराटोरालाही माहीत होतं. आमची आजी म्हणायची, छत म्हणजे गाय, रोज नाही तरी वर्षातून एकदा अंगावरून हात फिरवाच लागतो.

ही सवय मोडली स्लॅबनं. ‘एकदा टाकला की जन्माची कटकट गेली’ हा समज तेव्हापासूनचा.

बाबांनी आमचा स्लॅब १९८१ च्या उन्हाळ्यात टाकला. मी तेव्हा वर्षभराचा. सिमेंट ही दुकानात जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. कोटा, परमिट आणि ओळख लागायची. त्याच वर्षी सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध अरुण शौरींनी इंडियन एक्स्प्रेसमध्ये मांडला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला हे प्रकरण आम्हाला शोध पत्रकारितेचा धडा म्हणून शिकवलं. त्याचा आमच्या स्वयंपाकघराशी काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

संबंध असा, की परमिटच्या गोण्या कमी पडल्या आणि मिस्त्रीनं रेती थोडी जास्त चालवली. बाबा आजही कबूल करतात. सिमेंटवरचं नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्ये अर्धवट उठलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. म्हणजे त्या काळातल्या कितीतरी स्लॅबांच्या पोटात ती टंचाई अजून बसलेली असणार. आमच्या स्लॅबला ती कमतरता वरच्या कोब्यानं झाकली. विटांचे तुकडे बसवून, ढाळ काढून, वर सिमेंटचा घट्ट थर. चाळीस वर्षं त्यानं पाणी अडवलं.

आता सोलर. सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबनं दाखवला. सूर्यप्रकाशाचा जेमतेम सहा टक्के भाग तो विजेत बदलायचा. आजचं पॅनल वीस टक्क्यांच्या पुढं जातं. आपल्याकडं २०१५ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगानं नेट मीटरिंगचे नियम केले, पण गल्लीबोळात सोलर आणलं ते फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेनं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान. मे महिन्यात कूलर-एसीचं बिल भरणाऱ्या अमरावतीकराला आणखी काय पाहिजे? योजना चांगलीच आहे. माझं बिल खरंच पडलं.

पण अनुदान मोजलं जातं किलोवॅटवर. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तर तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरतात. ती तपासणीही वीजजाळ्याच्या सोयीची. छताचं वय काय, कोबा केव्हाचा, हे विचारणारा रकानाच कुठं भरल्याचं मला आठवत नाही. पॅनलची हमी पंचवीस वर्षांची आणि त्याच्याखाली चाळीस वर्षांचा म्हातारा स्लॅब!

लोकांना भीती वजनाची वाटते. ती बहुतेक ठिकाणी फुकाची. पॅनल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो होतात. माणसांचा वावर असलेल्या छतासाठी आपली मानकं दीडशे किलो धरतात. खरी गोष्ट वाऱ्याची आहे. तिरपं पॅनल म्हणजे शीडच, मे-जूनच्या वादळात ते उचलायला बघतं. म्हणून सांगाडा पक्का बांधावा लागतो, आणि सगळ्यात स्वस्त पक्केपणा म्हणजे स्लॅबमध्ये बोल्ट.

फिटिंगवाल्या पोराला मी विचारलं होतं. तो म्हणाला, “काही नाही होत भाऊ, चार बोल्ट तं आहे, वरून सिलिकॉन मारून देतो.” अमरावतीचं ऊन! तापायचं, रात्री निवायचं, सिलिकॉन दोन महिन्यांत सुटलं. पाणी भोकातून कोब्याखाली शिरलं आणि तिथं ढाळ शोधत फिरलं. भोक जिन्याजवळ, गळती दहा फूट लांब चुलीवर. तीन मिस्त्री आले, तिघांनी चुलीच्या वरची जागा भरली. चौथ्यानं सांगाड्याच्या पायाशी पाणी भरून ठेवलं, तेव्हा कळलं. कंपनीला फोन केला तर उत्तर, छत आमच्याकडं येत नाही. करार मी सही करताना वाचलाच नव्हता. लोकांच्या करारांवर बातम्या लिहिणारा माणूस मी.

ऑक्टोबरात सांगाडा उतरवला, कोबा दुरुस्त केला, मग वॉटरप्रूफिंग केलं आणि दोन दिवस छतावर पाणी तुंबवून खालून पाहिलं. पुन्हा भोकं नाही पाडली. कोबा टोकरून, बाँडिंगचं रसायन लावून त्यावर काँक्रीटचे जड ठोकळे ओतले, बोल्ट त्यांच्यातच गाडले. ठोकळे पाण्याच्या वाटेत येणार नाहीत असे बसवले. सांगाडा एवढा उंच, की खालून झाडू फिरावा. एक फायदाही झाला, सावलीमुळं खालची खोली उन्हाळ्यात निवांत असते. हेच काम एप्रिलात आधी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं, कारण उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचली असती.

पुढच्या गल्लीतल्या काकांकडं सोमवारी फिटिंग आहे. त्यांचा स्लॅब १९८३ चा. मी सकाळी त्यांच्या छतावर जाणार आहे. करारात गळतीची जबाबदारी कोणाची ही एक ओळ हातानं लिहून, दोघांची सही झाल्याशिवाय ड्रिल सुरू करायचं नाही, असं काकांनी ठरवलंय. काकू म्हणाल्या, बादली आधीच काढून ठेवते.