अलिबागेहून आलास काय?

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. एका मुलाला मी अगदी साधा प्रश्न विचारला. तो भांबावून नुसता पाहत राहिला, आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "अरे, अलिबागेहून आलास काय?" मुलाने मान खाली घातली आणि तो म्हणाला, "नाही सर, पण माझे आजोळ अलिबागचे आहे." सारा वर्ग खो खो हसला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आणि धडा कोणता चालला होता म्हणाल, तर मराठ्यांच्या आरमाराचा!

ती टोचणी मनात राहिली. म्हणून मे महिन्याच्या सुटीत मी अलिबाग गाठले. वैशाख शुद्ध त्रयोदशीचा दिवस, दुपारचे तीन वाजलेले. शनिवार-रविवारी जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्या किनाऱ्यावर माणूस म्हणून दिसत नव्हते. शहाळेवाल्यांनी गाड्यांवर ताडपत्री ओढली होती. घोडागाड्यांची घोडी सुरूच्या विरळ सावलीत डोळे मिटून उभी होती. काळसर, घट्ट वाळूवरून वाफा निघत होत्या आणि त्या वाफांच्या पलीकडे कुलाब्याचा किल्ला पाण्यावर तरंगल्यासारखा थरथरत होता.

कोकणात भरती-ओहोटीला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटी. त्रयोदशीची भरती पावणेदहाची, म्हणजे ओहोटी पावणेचारला. हिशेब बरोबर होता. समुद्र मागे सरला होता आणि किल्ल्यापर्यंतची वाट उघडी पडली होती. मी वहाणा हातात घेतल्या. एका घोडागाडीवाल्याने सावलीतूनच हाक मारली, "काका, पाच वाजायच्या आत माघारी फिरा. पाणी आले की कुणाला विचारत नाही!"

या किल्ल्याच्या बांधकामाला शिवाजी महाराजांनी १६८० साली हात घातला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. तटाचे अजस्र दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत. मध्ये चुना नाही. लाट आपटते, पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. समुद्राशी हुज्जत न घालता त्याला थोडी वाट करून देणे, हे ज्याला सुचले तो कारागीर काही भोळाभाबडा नसावा!

याच किल्ल्याच्या आधाराने सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या समुद्रावर हुकमत बसवली. आपल्या दस्तकाशिवाय या पाण्यातून व्यापारी गलबत जाऊ नये, असा त्यांचा नियम. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण वाचकहो, परवान्याची ही रीत कान्होजींनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज त्यांच्या आधी दोनशे वर्षे हाच धंदा करीत होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. लिस्बनच्या राजाचा कागद तो कायदा, आणि ज्याच्या दारातला समुद्र त्याचा कागद ती चाचेगिरी! शब्द कोणाच्या तोंडचा आहे, यावर इतिहासात पुष्कळ अवलंबून असते.

१७२१ साली मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एक झाले आणि दोघांनी मिळून हजारोंच्या फौजेनिशी याच कुलाब्यावर चाल केली. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. इकडून पेशवा बाजीरावाचे घोडदळ कान्होजींच्या मदतीला धावून आले. हल्ला फसला. दोघा मित्रांनी एकमेकांना दोष दिले आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. तो तह झाला वरसोलीस, म्हणजे मी उभा होतो त्या किनाऱ्याला लागून असलेल्या गावी. १७२९ साली कान्होजी वारले. त्यांच्या हयातीत कुलाबा शत्रूच्या हाती पडला नाही. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे आणि राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. देवाला नमस्कार करून मी तटावर गेलो. तिथे गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत. एक तरुण जोडपे त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढत होते. नवरा बायकोला सांगत होता, "या कान्होजींच्या तोफा." मी जवळ जाऊन पाहिले. लोखंडात अक्षरे ओतलेली आहेत : लो मूर, यॉर्कशायर, इंग्लंड, साल १८४९. कान्होजींच्या मृत्यूनंतर १२० वर्षांनी ओतलेल्या या तोफा! तोवर आंग्र्यांचे संस्थानही कंपनी सरकारने खालसा करून टाकले होते. मी त्या जोडप्याला हळूच साल दाखवले. ती मुलगी चटकन म्हणाली, "म्हणजे या जिंकणाऱ्यांच्या तोफा!" एवढी समज माझ्या नववीला आली तर मी पेढे वाटीन.

पाणी चढू लागले तसा परतलो. किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईच्या कुलाब्यास होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडणार, हे ओळखून डॉ. मूस या पारशी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली १९०४ साली इथे नवी वेधशाळा उभी राहिली. पोरबंदरचा दगड पारखून घेतला, लोखंड कटाक्षाने टाळले. दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन ताळा जमवला. गजबजलेल्या मुंबईला जे काम आवरेना, ते या शांत गावाने पत्करले. गावाचा शांतपणा म्हणजे अडाणीपणा नव्हे, हे आपल्याला कधी कळणार?

या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून एका अलिबागकराने उच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. २०१९ साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. विनोद साऱ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नये, असा त्याचा आशय. न्यायालयाचे म्हणणे मला पटते. जीभ काही हुकमाने वळत नाही. पण मास्तरची जीभ मास्तरने स्वतः वळवायला काय हरकत आहे?

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुले आता दहावीत गेली होती. पहिल्याच तासाला मी फळ्यावर किल्ल्याची आकृती काढली आणि त्या मुलाला पुढे बोलावले. म्हटले, "आज पौर्णिमा. किल्ल्यात चालत कधी जाता येईल, सांग." त्याने क्षणभर बोटे मोजली आणि म्हणाला, "संध्याकाळी पाचच्या पुढे, सर. आजोबांनी शिकवलेय." वर्गाने एकमेकांकडे पाहिले. कुणालाच तो हिशेब येत नव्हता.

या वेळी कान लाल झाले ते माझे.