चला, शकुंतलेत बसू!

डोणगावच्या स्टँडवर उभं राहून शिट्टीला कान लावू नका. आपल्या मेहकर तालुक्यात रूळ आलेच नाहीत. शकुंतला या मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या आगगाडीत बसायचं तर आधी लाल एसटी धरा: मालेगाव, शेलुबाजार, मग कारंजा. मोबाइल घरीच ठेवा. आपण पन्नासेक वर्षं मागं निघालोय.

उतरा, कारंजा आलं. हिवाळ्याची सकाळ. फलाटावर कापसाच्या गाठी रचल्यात. रुईचे तंतू नाकात शिरतात, शिंकांवर शिंका येतात. त्या सरायच्या आत शिट्टी होते आणि अडीच फुटी रुळांवरून शकुंतला डुलत येते. इंजिनाजवळून जाताना एक गाल भाजतो, दुसरा गारठलेलाच. कोळसा, तापलेलं तेल, ओली वाफ... हा वास आता स्वेटर धुवेपर्यंत सोबत.

"सरका ना बाप्पा!"

चौघांच्या बाकावर सहाजण. पायाशी कोंबड्यांची डालगी, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. समोरची आजी फडकं सोडते, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा ठेवते. "खाय ना बाबू, लाजतो काऊन?" खा, गाडीला घाई नाही. खिडकीतून डोकं काढलंत? गेला ना डोळ्यात कोळशाचा कण! चोळू नका. आजी पदराच्या टोकानं अलगद काढून देते.

मध्येच गचका बसतो. फाटक आलं. गार्डच उतरून ते लावतो, गाडी पलीकडं गेली की उघडतो आणि पळत येऊन डब्यात चढतो. मघाशी तिकीटही त्यानंच दिलं होतं. तेवढ्यात दोन पोरं शेतातून हरभऱ्याचे घाटे घेऊन परत. गाडी चुकेल ही भीती कुणालाच नाही.

मूर्तिजापूर! उतरा, तोंडावरची काजळी पुसा.

मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झालं. डिझेलवरची गाडीही २०१६ मध्ये थांबली. तिकडं वेल्समधली टॅलिलिनची छोटी गाडी मात्र १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तिकीट देणारे, कोळसा ओढणारे, रूळ सांभाळणारे हौशी लोक. एकाच माणसानं चार कामं करायची रीत आपल्या शकुंतलेला नवी नाही. उद्या ती पुन्हा निघाली आणि फाटक लावायला माणूस हवा असला, तर डोणगावहून पहिली एसटी धराल ना?