यत्न मनुष्याचा, फळ ईश्वराचे

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरी २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ गिरमिटिया मजूर उतरले. पुढे मुंबई बंदरातून कोकणची मराठी माणसेही याच बेटावर आली. उसाच्या मळ्यांवर एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ललाटीचा लेख म्हणून हे सोसत राहणे सोपे होते. परंतु १८७१ साली करार पुरा केलेल्या ९,४०१ जुन्या मजुरांनी आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या साहाय्याने गव्हर्नरांकडे अर्ज केला. निकालाची हमी कोणी दिली नव्हती. १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले. १८७५ च्या त्याच्या अहवालाने गाऱ्हाणी खरी ठरविली. पुढे मोठ्या मळ्यांचे तुकडे विक्रीस निघाले, तेव्हा पै-पै साठविणाऱ्यांनी जमिनी घेतल्या. १८९२ च्या चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले. ऊस पुन्हा लावला गेला.

अर्ज, बचत आणि लागवड मनुष्याच्या हाती. निकाल, पाऊस आणि वादळ ईश्वराच्या हाती. ही सीमा त्या पूर्वजांच्या आचरणात स्पष्ट दिसते. सुखाचा भार त्यांनी स्वतः उचलला आणि फळाची चिंता देवावर सोपविली.