निद्रिस्त ग्राहकास निरोप

बिनतारी विद्येचा इतिहास सांगतांना सारें कौतुक बहुधा पाठविणाराच्या वाट्यास येतें. मनोरे किती उंच उभारले, लहरी किती दूर पोंचल्या, याचीं वर्णनें मोठ्या आवडीनें केलीं जातात. परंतु निरोप पोंचणें ही गोष्ट दोघांच्या हातीं असते. ऐकणारा जागा नसेल, तर आकाश लहरींनीं भरून गेलें तरी काय उपयोग? आणि अष्टौप्रहर जागें राहणें जसें माणसास साधत नाहीं, तसें बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासही साधत नाहीं. कारण नुसतें ऐकत बसण्यासही वीज लागते. बुलढाणा जिल्ह्यांतील बीबी या गांवीं एखाद्या शेतकऱ्याच्या खिशांत फोन असतो आणि वळवाच्या विजेचा इशारा त्यावर यावयाचा असतो. तो फोन त्या क्षणीं बहुधा झोंपलेलाच असतो. झोंपलेल्यास निरोप खात्रीनें कसा द्यावा, हा प्रश्न मात्र या फोनाहून पुष्कळ जुना आहे.

१९१२ सालच्या एप्रिलच्या १४ तारखेस रात्रीं 'टायटॅनिक' बोट हिमनगावर आदळली. तिच्यापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं 'कॅलिफोर्नियन' ही बोट बर्फामुळें थांबून होती. तिच्यावर बिनतारी यंत्र होतें. तें चालविणारा सिरिल इव्हॅन्स हा तरुण मात्र एकटाच होता. दिवसभराचें काम आटोपून टक्कर होण्यापूर्वीं थोडाच वेळ आधीं तो निजावयास गेला. साहाय्याची हांक आली, तेव्हां ती ऐकणारें तेथें कोणी नव्हतें. 'कार्पेथिया' ही बोट पुष्कळच दूर होती. तिच्यावरील हॅरल्ड कॉटम हाही निजण्याच्याच बेतांत होता. पण कानावरचें यंत्र त्यानें अद्याप उतरविलें नव्हतें. त्याच्या कानीं हांक पडली, बोट वळली, आणि सुमारें सातशें जीव वांचले. सुमारें दीड हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं.

या घटनेनंतर मोठ्या बोटींवर पाळीपाळीनें अखंड पहारा ठेवण्याचे नियम झाले. लहान बोटींस इतकीं माणसें ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. त्यांच्यासाठीं दोन युक्त्या निघाल्या. पहिली वेळेच्या कराराची. दर तासास पंधराव्या व पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटें संकटाच्या लहरीवर सर्वांनीं मौन धरून कान द्यावयाचा, म्हणजे क्षीण हांकही गोंगाटांत बुडणार नाहीं. दुसरी युक्ति घंटेची. संकटाच्या हांकेपूर्वीं चार चार सेकंदांच्या बारा रेषा, मध्यें एकेक सेकंदाची विश्रांति देऊन, पाठवावयाच्या. बोटीवरील स्वयंचलित यंत्र एवढी एकच खूण ओळखी व निजलेल्या माणसाच्या उशाशीं घंटा वाजवी. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत या खुणेस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. निरोप समजणें हें माणसाचें काम. जागें करणाऱ्या यंत्रास केवळ खूण कळली कीं पुरे, हें तत्त्व येथें प्रथम दिसतें.

नित्याच्या तारांसाठीं तिसरी रीत होती. मुंबईच्या 'व्ही. डब्ल्यू. बी.' केंद्रासारखीं किनाऱ्यावरील केंद्रें बोटींसाठीं आलेल्या तारा जपून ठेवीत आणि ठरल्या वेळीं, कोणकोणत्या बोटींच्या नांवें तार आहे, याची यादी प्रसृत करीत. ज्या बोटीचें नांव निघे ती तार मागून घेई व पोंचल्याची पोच देई. आठवडी बाजाराच्या दिवशीं टपाल कचेरींत डोकावून 'आमच्या नांवाचें कांहीं आहे काय?' असें पुसणाऱ्या खेडुतास ही रीत शिकवावी लागली नसती. वेळेचा करार, निरोपाची ठेव आणि पोच, हीं या व्यवहाराचीं तीन अंगें होत.

तींच अंगें पुढें महाराष्ट्राच्या खेड्यांतही दिसलीं. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवीं शेतकरी श्रोतृमंडळें स्थापिलीं. पुष्कळ खेड्यांत तेव्हां वीज नव्हती, आणि बॅटरीवरील संच दिवसभर चालूं ठेवणें परवडणारें नव्हतें. आठवड्यांतून दोनदां, ठरल्या वेळीं, मंडळी जमत, अर्धा तास ऐकत आणि मग चर्चा करीत. त्यांच्या शंका पत्रांनीं केंद्राकडे जात व पुढील कार्यक्रमांत त्यांचें निरसन होई. श्रोत्यांचें पत्र हीच तेथें पोच होती.

पुढें हा करार यंत्रायंत्रांमध्यें होऊं लागला. १९९५ च्या सुमारास मुंबईंत आलेल्या पेजरांचें उदाहरण घ्यावें. जगभर रूढ झालेल्या 'पॉकसॅग' पद्धतींत संदेशांच्या प्रत्येक तुकडीचे आठ भाग असत. आपला क्रमांक कोणत्या भागांत यावयाचा हें पेजरास ठाऊक असे. तेवढ्यापुरता तो जागा होई. त्यामुळें एक लहान सेल आठवडेच्या आठवडे पुरे. पण त्या पेजरास उलट बोलतां येत नसे. पोच नसल्यामुळें निरोप पोंचला कीं हरवला, हें पाठविणारास कळत नसे. ही उणीव भरून काढणाऱ्या मोबाइल फोनापुढें पेजर टिकला नाहीं.

मोबाइल फोन एकेक सेकंदाच्या आसपास क्षणभर जागा होतो, आपल्या नांवाची हांक आहे काय हें पाहतो आणि पुनः निजतो. फोन बंद असेल तर लेखी संदेश केंद्रांत ठेव म्हणून राहतो. फोन परतल्याची वर्दी येतांच तो पुनः धाडला जातो. १९९७ सालीं ठरलेल्या वाय-फायच्या नियमांतही तीच समुद्रावरील यादी आढळते, मात्र ती आतां सेकंदास सुमारें दहा वेळां प्रसृत होते. २०१५ सालीं अँड्रॉइड प्रणालींत 'डोझ' ही अधिक गाढ निद्रा आली. फोन हालचालीवांचून पडून राहिला कीं निरनिराळ्या अ‍ॅपांचे साधे निरोप अडवून ठेवावयाचे, मधून मधून थोडा वेळ दार उघडावयाचें, आणि 'तांतडीचा' असा शिक्का असलेला निरोप मात्र तात्काळ आंत घ्यावयाचा, अशी तिची योजना आहे.

त्या शिक्क्यांतच सर्व मर्म आहे. जाहिरातीवरही तो मारला जाऊं लागला, तर फोन निजणार कधीं? बॅटरी दुपारींच संपेल आणि सायंकाळीं वीज कडाडेल तेव्हां इशारा घेण्यास फोन उरणार नाहीं. समुद्रावरील शहाण्यांनीं हें आधींच ओळखलें होतें. बारा रेषांची खूण जीवावरचें संकट, पाण्यांत पडलेला माणूस आणि तांतडीची वादळसूचना यांवांचून वापरूं नये, असा कडक निर्बंध त्यांनीं घातला होता.

२०२३ सालीं भारताच्या दूरसंचार खात्यानें एका विभागांतील सर्व फोनांवर एकदम इशारा देणाऱ्या 'सेल ब्रॉडकास्ट'च्या चांचण्या घेतल्या, तेव्हां देशभर फोन मोठ्यानें खणाणले. हा इशारा कोणा एकाच्या नांवें नसतो व त्यास पोच मिळत नाहीं. म्हणून तो पुनःपुन्हां प्रसृत करावा लागतो. बीबीच्या शिवारांत ढग दाटून येतात, तेव्हां तेथील फोनास जागें करण्याची विद्या आज सिद्ध आहे. ती घंटा कानीं पडतांच शेतकऱ्यानें झाडाखालून निघून पक्क्या घराचा आसरा घ्यावा, एवढा तिजवर त्याचा विश्वास राहिला पाहिजे. तो राखणें घंटा वाजविणारांच्या हातीं आहे.