डोळ्यांच्या संथ चालीवरून सापडलेलं दुखणं



चाळिशीच्या आतबाहेरचा धडधाकट माणूस. चालताना झोक जायला लागतो, कपातला चहा सांडतो, जीभ जड होते. लोक म्हणतात, पिऊन आलाय. बाई असली तर करणी, नाहीतर मग तिच्या माहेरचंच खोड. असे बोल आपल्याला नवे नाहीत. आज अशाच एका दुखण्याचा इतिहास सांगते. तो आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात घडला.

तिथे डॉ. नोशिर वाडिया हे मेंदूविकारतज्ज्ञ होते. तोल जाण्याचे घराण्यात चालत आलेले आजार तेव्हा डॉक्टरांना माहीत होते, पण त्यांची वर्गवारी म्हणजे नुसता गोंधळ होता. वाडियांनी काही रोग्यांत एक वेगळी खूण टिपली. आपण एका वस्तूवरून दुसरीकडे बघतो तेव्हा बुबुळ झटकन उडी मारतं. या रोग्यांचं बुबुळ मात्र सावकाश सरकायचं. वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची हकिकत 1971 साली ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि हा वेगळाच प्रकार आहे असं सांगितलं. जनुक तपासायची सोय नव्हती. हाताशी होती ती नजर आणि घराघरांची वंशावळ.

पुरावा यायला पंचवीस वर्षं लागली. क्युबा देशात ओल्गिन भागात हाच आजार अनेक घरांत आहे. तिथल्या कुटुंबांवरून 1993 मध्ये कळलं, की दोष बाराव्या गुणसूत्रावर आहे. 1996 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नेमकं जनुक शोधलं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं एकामागून एक येतात. बहुतेकांत ती 22 वेळा असतात. साधारण 34 च्या पुढे गेली, की त्या जनुकावरून बनणारं प्रथिन बिघडतं आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात. आजाराला नाव पडलं एससीए-2. वाडियांनी 1998 मध्ये सहा भारतीय कुटुंबांत जनुकाची तपासणी करून ते पुन्हा ‘ब्रेन’मध्येच मांडलं. संथ डोळ्यांची खूण खरी ठरली होती.

आता माहेरच्या खोडाकडे येऊ. हे जनुक आईकडून येऊ शकतं तसंच बापाकडूनही. दोघांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला, मुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी. आणि पिढीगणिक ती अक्षरांची साखळी लांबते, आजार लवकर उभा राहतो. ही वाढ बापाकडून येताना जास्त होते! सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

मुळासकट बरं करणारं औषध अजून नाही. व्यायामाने, फिजिओथेरपीने चालणं काही काळ टिकतं. रक्ताच्या तपासणीने निदान होतं. पण धडधाकट माणसाने ती करायची का, हे समुपदेशकाशी बोलून त्याचं त्यानेच ठरवायचं. लहान मुलांची ती सहसा करत नाहीत.

घरात असं कुणी असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना एक कागद न्या. आजी, मावशी, काका, आत्या, कुणाचा तोल कितव्या वर्षी जायला लागला, ते त्यावर लिहा. सासर-माहेर दोन्हीकडचं.