वास्ते

वास्ते : पावसाळ्यात बांबूच्या बेटातून जमिनीवर येणारे कोवळे, खाण्याजोगे कोंब. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि एकूण झाडीपट्टीत त्यांना हेच नाव आहे. शेजारच्या बस्तरमध्ये ‘बास्ता’ म्हणतात. वास्त्यांची भाजी, आलण आणि लोणचे करतात. यांतले लोणचे अन्नविज्ञानाच्या दृष्टीने अधिक लक्षवेधी आहे, कारण मुळात कडू, विषारी आणि लवकर नासणारी वस्तू त्यात टिकाऊ अन्न बनते.

वनस्पती व हंगाम : या भागातील जंगलांत बांबूच्या दोन जाती मुख्य आहेत. मानवेल (डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) बारीक, जवळपास भरीव आणि सर्वत्र आढळणारी. कटांग (बांबूसा बांबॉस) जाड, काटेरी, ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारी. चांगला पाऊस लागला की जमिनीखालच्या कंदातून कोंब सुटतात. जुलै ते सप्टेंबर हा त्यांचा काळ. बांबूचा कोंब जन्मतः जेवढा जाड असतो तेवढाच पुढे राहतो, वाढते ती फक्त उंची. आणि तीही दोन-तीन महिन्यांत पुरी होते. म्हणून खाण्याचे दिवस थोडे. वीतभर, फार तर हातभर उंचीपर्यंतचा कोंब कोवळा. त्यापुढे बुडाकडून काष्ठ धरू लागते.

तोडणी व हक्क : तोडलेला प्रत्येक कोंब म्हणजे उभा न राहिलेला एक बांबू. त्यामुळे बेट न खरवडता, दाटीतले आणि हंगामाच्या शेवटी आलेले कमजोर कोंब काढणे बेटाच्या हिताचे असते. बांबू गवतकुळातला असूनही भारतीय वन अधिनियमात, म्हणजे १९२७ च्या कायद्यात, त्याची गणना ‘वृक्षा’त होती, ती २०१७ मध्ये वगळली गेली. त्याआधीच २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून त्यावर वनवासी समूहांचा हक्क मान्य केला होता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबू किती तोडायचा आणि किती राखायचा, हा ग्रामसभेच्या विचाराचा विषय झाला.

कडूपणा व शुद्धी : कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते. कोंब चिरला की त्यातल्याच विकराशी त्याची गाठ पडते आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कडूपणा आणि विषारीपणा दोन्ही त्यातूनच येतात. हे आम्ल पाण्यात विरघळते आणि उष्णतेने उडून जाते, म्हणून स्वयंपाकघरातली पारंपरिक कृती शास्त्रालाही धरून आहे. बाहेरची कुसळ असलेली पाने एकेक करून सोलतात. ती बोटांना टोचतात. आत पिवळसर पांढरा गाभा लागतो. तो उभा कापला तर आत शिडीच्या पायऱ्यांसारखे बारीक पडदे दिसतात. विळीवर पातळ काप करून ते पाण्यात भिजवतात, पाणी बदलतात, मग झाकण न ठेवता उकळून ते पाणी फेकून देतात. एक काप चावून पाहावा. जीभ कडवटली तर पुन्हा उकळावे. काप जितके पातळ तितकी शुद्धी चांगली होते.

लोणचे : ‘लोण’ म्हणजे लवण, मीठ. लोणच्याच्या नावातच मीठ आहे. तेल आणि मसाला मागून येतात. उकडलेले काप कापडावर पसरून पाणी पूर्ण निथळू देतात, मग मीठ, हळद, तिखट, मोहरीची डाळ, मेथी लावून वर गार केलेली फोडणी ओततात. येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा फळाचाच असतो. वास्त्यांना स्वतःचा आंबटपणा नाही आणि कैरीचा हंगामही तोवर सरलेला असतो. म्हणून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरेसे घालणे आवश्यक. आंबट नसलेले उकडलेले काप नुसत्या तेलाखाली बुडवून ठेवणे धोक्याचे आहे. हवाबंद, बिनआंबट जागेत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात.

आंबवलेले आप्त : आंबटपणा बाहेरून घालण्याऐवजी बरणीतच तयार करण्याची दुसरी रीत आहे. मणिपूरचे सोइबुम, आसामची खोरिसा आणि सिक्कीमचा मेसू हे कोंब आंबवून केलेले पदार्थ. गोवा व कर्नाटक किनाऱ्यावरील सारस्वत घरांत ‘कीर्ल’ मिठाच्या पाण्यात मुरवतात. याच कुळातले जगप्रसिद्ध लोणचे म्हणजे अमेरिकेतील ‘कोशर डिल’. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला गेलेल्या ज्यू लोकांनी ते तेथे रुजवले. छोट्या काकड्या, लसूण आणि डिल, म्हणजे आपल्या शेपूचा जवळचा भाऊबंद, हे सारे साधारण ३.५ ते ५ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवतात. पारंपरिक कृतीत व्हिनेगर नसते. ‘कोशर’ म्हणजे ज्यू आहारनियमांना चालणारे. पण या नावात तो शब्द बहुधा लसूण घातलेली ज्यू धाटणी एवढेच सांगतो. मीठ नासवणाऱ्या जंतूंना आवरते, लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांना वाव देते. काही दिवसांत काढले तर ‘अर्धे आंबट’, हिरवे आणि कुरकुरीत. काही आठवडे ठेवले तर ‘पूर्ण आंबट’. वास्ते उकळताना मात्र हे उपकारक जंतूही मरतात, म्हणून आंबवण्याच्या रीतीत काप कच्चेच मुरवतात आणि खाण्यापूर्वी शिजवतात.

आस्वाद : कोशर डिल मांसाच्या सँडविचबरोबर खातात, आंबट-खारट फोड स्निग्धपणा कापते. वास्त्यांच्या लोणच्याचे काम झाडीपट्टीच्या ताटात उलटे आहे. येथे मुख्य अन्न भात. साधे वरण किंवा नुसती पेज असली तरी लोणच्याची एक फोड तिला चव आणते. करकरीतपणा हा त्याचा खरा गुण. काप मऊ, बुळबुळीत झाले, बुरशी धरली किंवा कुबट वास आला तर बरणी टाकून द्यावी. फोड काढताना चमचा कोरडा असावा आणि उरलेल्या फोडी तेलाखाली राहाव्यात.