पाकीट कोणाच्या हाती द्यावे?

ठाणे-बेलापूर रस्त्याने ज्यांनी तीस वर्षांपूर्वी प्रवास केला असेल, त्यांना त्या रस्त्याचा वास अजून आठवत असेल. नोसिल, हर्डिलिया यांसारख्या रासायनिक कारखान्यांचा तो पट्टा. बसच्या खिडक्या लावून घेतल्या तरी डोळे चुरचुरत. आज त्याच पट्ट्यात, महापे, रबाळे, ऐरोली या भागांत, वेगळ्याच घाटाच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांना धुराडी नाहीत आणि खिडक्याही जवळजवळ नाहीत. भिंतीपलीकडून शीतयंत्रांची घरघर तेवढी अहोरात्र ऐकू येते. ही डेटा सेंटरे. पनवेलजवळचे योट्टा कंपनीचे अवाढव्य केंद्र २०२० साली सुरू झाले. घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून जिओचा कारभार चालतो. पूर्वी या रस्त्यावर रसायनांच्या टाक्या होत्या. आता माणसांच्या बोलण्याचालण्याच्या, देण्याघेण्याच्या नोंदींची कोठारे आहेत.

हे सारे आठवण्याचे कारण तसे घरगुती आहे. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक मावशी चर्चच्या आवारात थांबल्या. त्यांचा मुलगा शारजात नोकरीला. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून थेट बोलण्यास अटकाव असल्याने त्याच्या खोलीतील मित्रांनी त्याला एक फुकटचे व्हीपीएन घालून दिले होते, आणि आईनेही आपल्या फोनवर तेच घ्यावे असा त्याचा आग्रह होता. मावशींची शंका निराळी होती. ‘‘सर, हे कुठलं तरी अनोळखी. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या कंपनीचं घेतलं तर? एवढी मोठी कंपनी आपल्याला कशाला फसवेल?’’

आवारात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देणे मला जमले नाही. ते शोधताना मात्र माझ्या ध्यानात आले की प्रश्न फोनइतका नवा नाही. व्हीपीएन म्हणजे काय, तर आपल्या फोनमधून बाहेर जाणारी सारी टपाल एका मोहोरबंद थैलीत घालून एकाच जासुदाच्या हाती सोपवणे. वाटेवरच्या कोणाला थैलीत डोकावता येत नाही. पण ती टपाल कोणाकोणाच्या दारी गेली, हे त्या जासुदाला पुरते कळते. म्हणजे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्यावरचा विश्वास थैली नेणाऱ्यावर जाऊन बसतो, इतकेच. आणि जासुदावर विश्वास कधी ठेवावा, याचा अनुभव आपल्या समाजापाशी भरपूर आहे.

मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर, कबुतरखान्याजवळ, पत्रलेखक बसत. गिरणगावातले कामगार, घरगडी, गावी आपली खरी परिस्थिती कळू नये अशी धडपड करणाऱ्या स्त्रिया त्यांच्यापुढे उकिडव्या बसून मनातले सांगत आणि लेखक ते कार्डावर उतरवून काढी. कर्ज, आजार, संशय, घरातली भांडणे, सारे त्याच्या कानांवरून जाई. तरीही लोक त्याच्याकडे जात, कारण त्याचे पोट लिहिण्याच्या मोबदल्यावर भरे, ऐकलेल्या गोष्टीवर नव्हे. आणि पत्र पेटीत पडले की त्याच्यापाशी मागे काही उरत नसे. स्मरणात राहील तेवढेच, आणि दिवसाकाठी इतकी पत्रे लिहिणाऱ्याच्या स्मरणात राहून राहणार किती? (पापनिवेदनाची गुप्तता हा याहून फार उंचावरचा विषय आहे. पण १२१५ च्या लॅटरन परिषदेने ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कठोर शासन सांगितले, तेथेही ऐकणारा काही लिहून ठेवत नाही, ही साधी गोष्ट विसरू नये.)

टपालखात्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १८५४ साली अर्ध्या आण्यात पत्र देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊ लागले, आणि सामान्य माणूस आपले पाकीट निर्धास्तपणे सरकारच्या हाती देऊ लागला. पण ज्या इंग्लंडकडून ही व्यवस्था आपल्याकडे आली, तेथे दहाच वर्षांपूर्वी एक मोठा गदारोळ उठला होता. इटालियन देशभक्त मॅझिनी तेव्हा लंडनमध्ये आश्रयाला होता. सावरकरांनी १९०७ साली मराठीत आणल्यामुळे आपल्याकडे घरोघर परिचित झालेला तोच हा मॅझिनी. आपली पत्रे कोणीतरी उघडत असावे अशी शंका आल्यावरून त्याने आणि त्याच्या मित्रांनी पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण घालून ती टपालात टाकली. पाकिटे पोहोचली, दाणे पोहोचले नाहीत. १८४४ च्या जूनमध्ये टॉमस डंकम यांनी हे गाऱ्हाणे पार्लमेंटपुढे मांडले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांनीच हुकूम काढला होता हे उघड झाले. त्याच जुलैत बांदिएरा बंधूंना इटलीत गोळ्या घालण्यात आल्या. लंडनमध्ये उघडलेल्या पत्रांतील बातमीच त्यांच्या जिवावर बेतली, असा संशय पुष्कळांनी बोलून दाखवला. लंडनच्या टपालखात्यातील गुप्त शाखा त्यानंतर बंद झाली.

मला या प्रसंगातील एक गोष्ट विशेष वाटते. टपालखात्याला मॅझिनीच्या पत्रांतून एक पैचाही लाभ नव्हता. त्याचे उत्पन्न तिकिटांचे. तरीही पत्रे उघडली गेली, कारण जासुदाला हुकूम करणारा वेगळा होता.

आपल्याकडचा १८९८ चा टपाल कायदा हे दोन्ही पैलू जाणून होता. त्याच्या २६ व्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणाने टपाल अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. आणि ५३ व्या कलमाने कर्तव्याविरुद्ध टपाल उघडणाऱ्या कर्मचाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. सरकारचा हात मोकळा, पण पोस्टमनचा बांधलेला. १९८६ मध्ये या अधिकाराचा विस्तार करणारे विधेयक संसदेने संमत केले तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, आणि देशभर पत्रांच्या गोपनीयतेची चर्चा झाली. पुढे २०२३ चा नवा टपाल कायदा आला व १८ जून २०२४ पासून तो अमलात आहे. त्यात टपाल अडवण्याचा अधिकार कायम राहिला. पाकीट नाहक उघडणाऱ्या कर्मचाऱ्याची ती जुनी शिक्षा मात्र गळाली. त्याची चर्चा फारशी झाली नाही. पत्रे लिहितो कोण, असे लोकांना वाटले असावे.

टेलिफोनचा विषय थोडक्यात सांगता येईल. फोनवरील संभाषण हा व्यक्तीच्या खाजगी जीवनाचा भाग आहे आणि ते ऐकण्यास १८८५ च्या तार कायद्याची चौकट पाळावीच लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएलच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले. त्या काळी नवी मुंबईतल्या नव्या वसाहतींत बहुतेकांचा फोन म्हणजे कोपऱ्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. काचेचे दार ओढून घेतले तरी आतला आवाज बूथवाल्याला ऐकू जाई. पण पत्रलेखकाप्रमाणेच तोही मीटरवर जगणारा माणूस होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, आणि पुढील वीस वर्षांत जासुदांची एक नवीच जात उदयाला आली. गूगलने पत्र नेण्याचे पैसे मागितले नाहीत, फेसबुकने भेटीगाठींचे. त्यांचे उत्पन्न जाहिरातींचे होते आणि जाहिरात विकण्यासाठी माणूस ओळखावा लागतो. पत्रलेखकाला जे विसरूनही चालत होते, ते लक्षात ठेवणे हाच यांचा व्यापार झाला. अशा व्यापाऱ्याने उद्या पडदेही विकायला काढले, तर?

तो प्रयोग झालेला आहे. २०१३ साली फेसबुकने ओनाव्हो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हे फुकट व्हीपीएन आपली माहिती सुरक्षित राखते, अशी जाहिरात होती. थैली खरोखरच मोहोरबंद होती. मात्र ती नेणारा फेसबुकचा होता, आणि लोक कोणते ॲप किती वेळ वापरतात याची नोंद त्याच्या धन्याकडे जात होती. कोणता प्रतिस्पर्धी वाढतो आहे हे फेसबुकला त्यावरून इतरांआधी कळे. २०१४ मध्ये त्याने एकोणीस अब्ज डॉलर मोजून व्हॉट्सॲप घेण्याचे जाहीर केले. ब्रिटिश संसदेच्या समितीने २०१८ च्या डिसेंबरात जे अंतर्गत कागद प्रसिद्ध केले, त्यांत ओनाव्होच्या आकड्यांवरून काढलेले व्हॉट्सॲपच्या वाढीचे आलेख होते. त्याच वर्षी ॲपलच्या आक्षेपामुळे हे ॲप त्याच्या दुकानातून निघाले. २०१९ मध्ये ते सर्वत्र बंद झाले. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२३ च्या जुलैत मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. कारण असे, की सुरक्षिततेचे आश्वासन देताना ही माहिती कंपनीच्या व्यापारासाठी वापरली जाईल, हे ग्राहकाला पुरेसे सांगितले नव्हते.

मावशींच्या प्रश्नातील ‘‘एवढी मोठी कंपनी कशाला फसवेल’’ या भागाचे उत्तर येथे मिळते. ओनाव्होने बँकेचे पैसे पळवले नाहीत, कोणाची पत्रे चव्हाट्यावर मांडली नाहीत. मोठ्या कंपनीला त्याची गरजच नव्हती. तिला हवे होते ते पाकिटाच्या बाहेरचे लिखाण: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळा.

पण यावरून लहान ते बरे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. २०२० च्या जुलैत हाँगकाँगमधील सात फुकट व्हीपीएनच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. आम्ही कसलीच नोंद ठेवत नाही, असे त्या सातांचेही सांगणे होते. अशा कंपनीवर खटला भरायचा तर तिचा पत्ताच सापडत नाही. मोठ्या कंपनीला निदान न्यायालयात खेचता येते. गूगलच्या ‘इनकॉग्निटो’ खिडकीतही माहिती गोळा होत होती म्हणून अमेरिकेत २०२० साली दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. शिवाय मोठ्या कंपनीच्या अंगी सरकारपुढे उभे राहण्याचे बळ असते. संदेशांची कुलुपे मोडण्यास सांगितले तर आम्ही देश सोडून जाऊ, असे व्हॉट्सॲपच्या वकिलांनी २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बजावले. त्याच व्हॉट्सॲपच्या मालकाला २०२१ च्या गोपनीयता धोरणापायी भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, हेही खरे. एकाच घराने कुलूप सांभाळायचे आणि पत्ते टिपून घ्यायचे, हे त्या व्यापाराला विसंगत वाटत नाही. मला वाटते.

रचनाच अशी करावी की जासुदाला कळूच नये, असाही एक मार्ग आहे. ॲपलने २०२१ साली आणलेल्या ‘प्रायव्हेट रिले’त थैली दोन हातांतून जाते. पहिल्याला पाठवणारा कळतो पण ठिकाण नाही. दुसऱ्या, वेगळ्या कंपनीच्या हाताला ठिकाण कळते पण पाठवणारा नाही. मला ही कल्पना पत्रलेखकाच्या जवळची वाटते. त्या दोघांनी संगनमत करू नये, एवढा विश्वास मात्र तेथेही ठेवावाच लागतो.

आता हुकूम करणाऱ्याकडे वळू. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने डेटा सेंटरे आणि व्हीपीएन कंपन्यांना आदेश दिला, की ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण यांची नोंद पाच वर्षे जपून ठेवावी. विसरणे हेच ज्याचे ब्रीद, त्याला लिहून ठेवण्याची सक्ती झाली. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी त्या जूनमध्ये भारतातील आपली यंत्रे हलवली. सायबर गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी नोंदी हव्यात, ही सरकारची बाजू पोकळ नाही. ज्यांच्या घरातील वृद्धांची ठेव फोनवरच्या ठगाने नेली, ते हे मान्य करतील. पण नोंद एकदा कोठारात आली की ती केवळ चोरासाठीच उघडेल, याची हमी कोण देणार?

शिवाय रस्ता बांधणारे आणि थैली विकणारे आता नातेवाईक होत चालले आहेत. २०२० साली फेसबुकने ४३,५७४ कोटी आणि गूगलने ३३,७३७ कोटी रुपये गुंतवून जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये भाग घेतला.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. न्यायमूर्ती पुट्टास्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत मिळाली. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद त्यात आहे.

पुढच्या रविवारी मावशींना मी एवढेच सांगितले. फुकटचे ॲप आधी काढून टाका. ज्या कंपनीची भाकरी जाहिरातींची आहे तिच्याकडून पडदा घेऊ नका. घ्यायचाच तर पैसे मोजून घ्या, आणि ती काय लिहून ठेवते ते मुलाला वाचायला सांगा. आणि शारजात तर आणखी जपायला हवे: तेथे गुन्ह्यासाठी वा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे, आणि आपले वापरणे त्यात बसते की नाही हे ठरवणारे आपण नव्हे.

दंडाचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला. मुलगा आता तेथील परवानगी असलेल्या ॲपवरून बोलतो. आवाज मधेच तुटतो, आणि त्याच्या लग्नाचा विषय त्यांनी तो नाताळात घरी येईपर्यंत राखून ठेवला आहे.